यकृताच्या फायब्रोसिससाठी रक्तातला बायोमार्कर: एयूसी ०.९६ आल्यावर पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा: सिरोसिसचे ४० रुग्ण आणि ४० निरोगी माणसं यांच्या सीरममध्ये हायलुरोनिक ॲसिड, टिम्प-१ आणि एक नवं प्रथिन एलायझाने (अँटिबॉडीवर चालणारी मोजणी) मोजलं. तिन्हींचा मिळून एयूसी (आजारी आणि निरोगी वेगळे ओळखण्याची ताकद; १ म्हणजे अचूक) ०.९६ आला. यातून फायब्रोसिस (यकृतात साठत जाणारा व्रण; त्याचा शेवटचा टप्पा म्हणजे सिरोसिस) ओळखणारी रक्तचाचणी घडवायची तर पुढची पावलं कोणती? अचूकता वाढवायला आणखी रेणू शोधावेत का?

रेणू शोधू नका, निदान आत्ता तरी नाही. या क्षेत्रात उमेदवार रेणूंची रेलचेल आहे. अडतं ते दुसरीकडेच: चाचणी कोणावर तपासली, रक्त कसं घेतलं आणि साठवलं, तुलना कशाशी केली, आणि निकालावरून डॉक्टर नेमकं काय करणार. ही चार उत्तरं पक्की नसतील तर चौथा रेणू घालून आकडा ०.९८ होईल आणि चाचणी होती तिथेच राहील.

आधी त्या ०.९६ चं बघू. सिरोसिसचा माणूस आणि निरोगी माणूस यांच्या रक्तात जवळजवळ सगळंच वेगळं असतं. अल्ब्युमिन कमी, बिलिरुबिन जास्त, प्लेटलेट्स कमी, गॅमा ग्लोब्युलिन वाढलेलं. दोन टोकं घेतली की कुठलंही प्रथिन हुशार दिसतं. याच ८० जणांचा एफआयबी-४ (वय आणि नेहमीच्या रक्ततपासणीवरून निघणारा स्कोअर) काढून पाहा. तोही बहुधा तितकाच चांगला निघेल. शिवाय दोन गटांचं वय, वजन, मधुमेह, उपाशीपोटी असणं, रक्त घेण्याची वेळ आणि नमुना फ्रीझरमध्ये किती काळ होता हे सगळं सारखं होतं का? रुग्ण साठीतले आणि निरोगी मंडळी पंचविशीतली असतील तर तुमच्या तीन रेणूंनी काही अंशी वयच मोजलं आहे. हे ८० नमुने फेकू नका. एलायझा पक्की करायला ते फार उपयोगी आहेत, कारण त्यात अगदी कमी आणि अगदी जास्त अशी दोन्ही मूल्यं मिळतात. त्यांवरून कटऑफ (आजार आहे की नाही हे ठरवणारी आकड्याची रेघ) मात्र ठरवायचा नाही.

कोणता निर्णय, कोणासाठी

सिरोसिस पूर्ण झालेला रुग्ण ओळखायला नव्या चाचणीची गरज फारशी नसते. गरज असते ती मधल्या पायऱ्यांवर. मेटाव्हिर या बायोप्सीवरून फायब्रोसिसची पायरी ठरवणाऱ्या पद्धतीच्या भाषेत एफ० ते एफ४ अशा पाच पायऱ्या आहेत. विषाणूजन्य हिपॅटायटिसमध्ये बराच काळ एफ२ ही महत्त्वाची रेघ मानली गेली. चरबीमुळे होणाऱ्या यकृतविकारात, ज्याला २०२३ पासून मॅसल्ड म्हणतात, एफ३ आणि त्यापुढच्या टप्प्याला प्रगत फायब्रोसिस म्हणतात आणि पुढचा धोका त्यावर अंदाजला जातो. या दोन्ही रेघांसाठी एकच चाचणी आणि एकच कटऑफ चालेल असं गृहीत धरू नका.

म्हणून सुरुवातीलाच एक वाक्य लिहून काढा आणि भिंतीवर लावा. उदाहरणार्थ: ‘टाइप २ मधुमेह असलेल्या, ३५ ते ६५ वयाच्या, एफआयबी-४ १.३ ते २.६७ च्या मध्ये असलेल्या व्यक्तींमध्ये प्रगत फायब्रोसिस नाही असं सांगून यकृततज्ज्ञाकडची फेरी वाचवणं.’ या वाक्यात लोकसंख्या आहे, आधीची पायरी आहे, लक्ष्य आहे आणि निकालानंतरची कृती आहे. नमुन्यांची संख्या, कटऑफ, संवेदनशीलता (खऱ्या रुग्णांपैकी किती पकडले) जास्त हवी की विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी किती बरोबर सोडले), हे सगळं त्यातूनच ठरतं. निदान, भविष्याचा अंदाज आणि उपचारांवर लक्ष ठेवणं ही तीन वेगळी कामं आहेत, आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो. तीन रेणूंवरून स्कोअर काढणाऱ्या ईएलएफ या रक्तचाचणीचंच पाहा. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये चरबीयुक्त यकृतात प्रगत फायब्रोसिस ओळखण्यासाठी १०.५१ हा कटऑफ सुचवला. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये त्याच चाचणीला मान्यता दिली ती मात्र आधीच प्रगत फायब्रोसिस असलेल्यांचा पुढचा धोका जोखण्यासाठी. रेणू तेच, दावा वेगळा.

रक्तात नेमकं काय दिसतं

यकृताला सतत इजा होत राहिली की स्टेलेट पेशी जाग्या होतात, मायोफायब्रोब्लास्ट बनतात आणि प्रामुख्याने १ आणि ३ प्रकारचं कोलॅजन ओततात. टीजीएफ-बीटा हा त्यांचा मुख्य चालक. त्याच वेळी टिम्प-१ वाढतं आणि कोलॅजन तोडणाऱ्या एमएमपी विकरांना अडवतं. रक्तात पोचतात ते या घडामोडींचे तुकडे. इथेच सगळ्यात मोठा गैरसमज होतो. यकृतात साठलेला व्रण रक्तातून मोजता येत नाही. मोजला जातो तो व्रण घडण्याचा आणि मोडण्याचा वेग. जुना, शांत झालेला सिरोसिस कमी आकडा देऊ शकतो. तीव्र दाहात, फायब्रोसिस फारसा नसतानाही, आकडा चढू शकतो. एएलटी (यकृतपेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं विकर) वरच्या मर्यादेच्या पाच पट असलेल्या रुग्णांचे नमुने वेगळे ठेवून त्यांचं विश्लेषण स्वतंत्र करा, नाहीतर तुमची चाचणी दाहाची चाचणी होऊन बसेल.

तुमच्या यादीतलं हायलुरोनिक ॲसिड तर आणखी वेगळं आहे. ते रक्तातून काढण्याचं काम यकृतातल्या सायनुसॉइडच्या एंडोथेलियल पेशी करतात आणि एरवी ते काही मिनिटांतच नाहीसं होतं. फायब्रोसिसमध्ये ते वाढतं त्याला निर्मितीइतकंच हे काढून टाकणं मंदावणंही कारणीभूत आहे. जेवणानंतर आणि व्यायामानंतर ते वाढतं, संधिवातातही वाढतं. पीआयआयआयएनपी (प्रोकोलॅजन ३ च्या टोकाचा तुकडा) वाढत्या वयाच्या मुलांत, हाड मोडल्यावर, जखम भरताना आणि फुफ्फुसाच्या फायब्रोसिसमध्येही चढतं. प्रो-सी३ ही त्याच रेणूवरची अधिक नेमकी चाचणी आहे: प्रोकोलॅजन ३ मधून टोकाचा तुकडा विकराने कापल्यावर जे नवं टोक उघडं पडतं त्यालाच तिची अँटिबॉडी चिकटते, म्हणून ती प्रामुख्याने नव्या कोलॅजनची निर्मिती दाखवते. नवं प्रथिन निवडताना हाच प्रश्न विचारा: ते यकृतातूनच येतं का, आणि त्याचा कोणता तुकडा, कोणत्या घडामोडीतून रक्तात येतो? याचं उत्तर नसलेला रेणू गणितात टिकतो आणि दुसऱ्या रुग्णालयात गडगडतो. मिर-१२२ हा सूक्ष्म आरएनए याचं चांगलं उदाहरण. ते यकृतपेशींचं आहे, पण पेशींना होणारी इजा दाखवतं. व्रणाशी त्याचा संबंध आडून आहे.

ज्याला हरवायचं आहे तो प्रतिस्पर्धी

तुमची खरी स्पर्धा आहे एफआयबी-४ शी, जो नेहमीच्या तपासणीतून फुकटात निघतो:

एफआयबी-४ = (वय × एएसटी) ÷ (प्लेटलेट्स × √एएलटी)

एएसटी हेही एएलटीसारखंच विकर. प्लेटलेट्स प्रति लिटर १० च्या ९ व्या घातात घ्यायच्या, म्हणजे दीड लाखाऐवजी १५०. हे सूत्र २००६ मध्ये एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या रुग्णांवर बसवलं गेलं, तेव्हा कटऑफ १.४५ आणि ३.२५ होते. चरबीयुक्त यकृतात १.३ आणि २.६७ वापरतात, आणि ६५ वर्षांपुढे खालचा कटऑफ २.० घेतात.

त्याची दुबळी बाजू आकड्यांतच दिसते. एएसटी ४८, एएलटी ३६, प्लेटलेट्स १६० धरा. वय ५२ असेल तर २.६. तेच रिपोर्ट ३० वर्षांच्या माणसाचे असतील तर १.५, सत्तरीतल्या माणसाचे असतील तर ३.५. यकृत कसं का असेना, वयाने एकाच रिपोर्टला संशयातून थेट धोक्यात नेलं. पस्तिशीच्या आत त्याची कामगिरी घसरते. अधला-मधला निकाल येणाऱ्यांची संख्याही मोठी असते. दुसरी अडचण प्लेटलेट्सची. काही लोकांत ईडीटीएच्या नळीत प्लेटलेट्सच्या गुठळ्या होतात आणि यंत्र १६० ऐवजी ११० मोजतं; मग वरच्याच ५२ वर्षांच्या माणसाचा २.६ हा ३.८ होतो. अशा वेळी स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) पाहणं किंवा सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजणं हाच उपाय.

तुमच्या चाचणीला जागा आहे ती या फटींमध्ये. म्हणून ‘आमचा एयूसी ०.८६, एफआयबी-४ चा ०.८१’ एवढं सांगून भागणार नाही. मधल्या पट्ट्यात अडकलेल्यांपैकी किती जणांना बरोबर बाजूला टाकलं आणि त्यासाठी किती खरे रुग्ण हातचे गेले, हे दोन आकडे द्या.

बायोप्सी ही मोजपट्टीच वाकडी आहे

सुईने घेतलेला तुकडा म्हणजे यकृताचा साधारण पन्नास हजारावा भाग. हिपॅटायटिस सी वर २००३ मध्ये झालेल्या एका मोजणीत १५ मिलिमीटरच्या तुकड्यांपैकी ६५ टक्क्यांचीच पायरी बरोबर लागली. २५ मिलिमीटरला हे प्रमाण ७५ टक्के झालं. आता विचार करा, पट्टीच चुकत असेल तर रक्तचाचणी परिपूर्ण असूनही पूर्ण गुण कशी मिळवेल? २००९ मध्ये याचं गणित मांडलं गेलं: बायोप्सीची संवेदनशीलता आणि विशिष्टता दोन्ही ९० टक्के आणि फायब्रोसिसचं प्रमाण ४० टक्के धरलं तर जवळपास अचूक मार्करचाही एयूसी सुमारे ०.९० वरच थांबतो. त्यामुळे बायोप्सीशी ताडून कोणी ०.९७ सांगितला की मी आधी रुग्णांची निवड तपासते. टोकाचे गट घेतलेले असतात किंवा मॉडेल त्याच नमुन्यांवर बसवलेलं असतं.

त्यावर उपाय आहेत, पूर्ण नसले तरी. तुकडा किमान २० मिलिमीटर, जमल्यास २५, आणि त्यात किमान ११ पोर्टल ट्रॅक्ट. दोन पॅथॉलॉजिस्ट, दोघांनाही रक्ताचे निकाल माहीत नसावेत, मतभेद झाल्यास तिसऱ्याकडे. पिक्रोसिरियस रेड रंग देऊन कोलॅजनचं क्षेत्रफळ टक्क्यांत मोजून ठेवा. पायरी हे नाव आहे, क्षेत्रफळ ही राशी आहे, आणि सलग राशीशी मार्करचा संबंध जास्त प्रामाणिकपणे दिसतो. रक्त बायोप्सीच्या दिवशीच, सुई घालण्यापूर्वी घ्या. सहा महिने जुनी बायोप्सी आणि आजचं रक्त अशी जोडी लावू नका, विशेषतः मध्ये विषाणूवरचा उपचार सुरू झाला असेल तर.

बायोप्सीऐवजी फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) हाच मोजपट्टी धरण्याचा मोह होतो, कारण तो सोपा आहे. जेवणानंतर, दाहात आणि हृदयविकाराने यकृत तुंबल्यावर त्याचा आकडा चढतो. दाहात तुमचे रक्तातले मार्करही चढतात. मग दोघं मिळून एकाच दिशेला चुकतील आणि तुम्हाला ते जुळणं म्हणजे अचूकता वाटेल. त्यापेक्षा काही वर्षांचा पाठपुरावा असलेला साठवलेल्या नमुन्यांचा संच मिळाला, ज्यात जलोदर, रक्ताची उलटी, मृत्यू यांची नोंद आहे, तर तो सोन्यासारखा. रुग्णाला शेवटी त्याचीच फिकीर असते.

रक्त नळीत आल्यापासून फ्रीझरपर्यंत

सगळ्यात जास्त प्रकल्प इथे मरतात आणि ते कळतही नाही. कारण बिघडलेला नमुना आकडा देतोच.

रुग्ण ८ ते १२ तास उपाशी, सकाळी, १५ मिनिटं बसून विश्रांती घेतल्यावर. आदल्या दिवशी जोरकस व्यायाम झालेला नसावा, कारण स्नायूंमधूनही एएसटी सुटतं. टुर्निके (दंडावरचा पट्टा) एक मिनिटाहून जास्त आवळलेला नको. सीरमसाठी नळी उभी ठेवून ३० ते ६० मिनिटं गोठू द्या, आणि ही वेळ सगळ्या नमुन्यांसाठी एकच ठेवा. टिम्प-१ प्लेटलेट्समध्येही साठलेलं असतं. रक्त गोठताना ते बाहेर पडतं. म्हणून सीरममधला आकडा प्लाझ्मापेक्षा जास्त येतो आणि गोठण्याच्या वेळेनुसार बदलतो. सिरोसिसमध्ये प्लेटलेट्सच कमी असल्याने हा परिणाम दोन गटांत सारखाही नसतो. काही नमुने सीरम, काही प्लाझ्मा असं मिश्रण कधीच करू नका. एमएमपी मोजणार असाल तर ईडीटीए त्यांना लागणारे धातूचे आयन पकडून ठेवतो हे ध्यानात घ्या. सूक्ष्म आरएनए मोजणार असाल तर हेपरिनची नळी टाळा. हेपरिन पीसीआर अडवतो.

सेंट्रिफ्यूजची सेटिंग आरपीएममध्ये लिहून ठेवणं ही फार पसरलेली चूक आहे. ३००० आरपीएम म्हणजे १० सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरमध्ये गुरुत्वाच्या साधारण १००० पट आणि १६ सेंटिमीटरच्या रोटरमध्ये १६०० पट. प्रोटोकॉलमध्ये १५०० ते २००० पट, १० मिनिटं, असं लिहा. प्लाझ्मातून सूक्ष्म आरएनए किंवा वेसिकल्स (पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या) हवे असतील तर २५०० पटीवर १५ मिनिटं, दोनदा, आणि तळाचे काही मिलिमीटर सोडून वरचाच भाग घ्या. एकदा प्लेटलेट्ससकट गोठवलं की नंतर फिरवून उपयोग नाही, त्या फुटलेल्या असतात.

मग २५० ते ५०० मायक्रोलिटरचे भाग करून, रक्त घेतल्यापासून दोन तासांत, उणे ८० अंशांवर. बर्फ आपोआप वितळवणाऱ्या उणे २० च्या फ्रीझरमध्ये नको. त्याचं तापमान सारखं वरखाली होत असतं. प्रत्येक भाग एकदाच वितळवायचा, फार तर दोनदा. तुमच्या नव्या प्रथिनावर वितळण्याचा काय परिणाम होतो ते स्वतः तपासा: दहा जणांचे नमुने, ०, १, २, ३, ५ फेऱ्या, आणि पहिल्या मोजणीपासून १० टक्क्यांहून जास्त घसरण कुठे होते ते पाहा. खोलीच्या तापमानात ०, २, ४, ८, २४ तासांचाही असाच प्रयोग. दोन्ही मिळून आठवड्याचं काम आहे, आणि ते न केल्यामुळे वर्षं वाया जातात.

हिमोलिसिस (तांबड्या पेशी फुटणं) डोळ्यांनी जोखू नका. ४१४ नॅनोमीटरवर शोषण मोजा आणि नोंद ठेवा. तांबड्या पेशी फुटल्या की एएसटी वाढतं आणि मिर-१६ व मिर-४५१ चा पूर येतो. सूक्ष्म आरएनएसाठी मिर-२३ए आणि मिर-४५१ए यांच्या सीक्यूमधला (पीसीआरमध्ये संकेत दिसेपर्यंतच्या फेऱ्या) फरक पाहण्याची पद्धत आहे. तो ७ च्या वर गेला तर नमुना बाजूला.

एलायझा: किटवरच्या पत्रकावर विसंबू नका

संशोधनासाठी विकलेलं किट निदानासाठी तयार नसतं. आधी नमुना पातळ केल्यावर मोजणी टिकते का ते तपासा. जास्त मूल्याचा खरा नमुना १:२, १:४, १:८, १:१६ असा पातळ करा, गुणून मूळ मूल्य काढा. ते ८० ते १२० टक्क्यांत यायला हवं. रुग्णाच्या नमुन्याची ही रेघ किटमधल्या शुद्ध प्रथिनाच्या रेघेला समांतर नसेल तर अँटिबॉडी रक्तातल्या प्रथिनाला वेगळ्या तऱ्हेने चिकटते आहे, किंवा सीरममधलं दुसरं काही आड येतं आहे. पातळ करत गेल्यावर मूळ मूल्य वाढतच गेलं तर हुक इफेक्टची शंका घ्या: प्रथिन इतकं जास्त की दोन्ही अँटिबॉडी स्वतंत्रपणे भरून गेल्या आणि सँडविच जमलंच नाही. सिरोसिसमध्ये सर्वाधिक आजारी रुग्णच ‘सामान्य’ दिसण्याचा धोका यात आहे.

त्यानंतर पुन्हा-पुन्हा मोजल्यावर आकडा तोच येतो का हे. कमी, कटऑफजवळचा आणि जास्त असे तीन नमुने, २० दिवस, रोज दोन रन, प्रत्येकी दोनदा: नमुन्यामागे ८० मोजण्या. एका रनमधला सीव्ही (मोजण्यांचा विखुरलेपणा, सरासरीच्या टक्क्यांत) १० टक्क्यांच्या आत आणि रन-रनमधला १५ च्या आत असावा. कटऑफजवळ याहून चांगला हवा. वक्राला सरळ रेघ बसवू नका, चार पॅरामीटरचा लॉजिस्टिक वक्र घ्या. हिमोग्लोबिन, बिलिरुबिन आणि चरबी मुद्दाम मिसळून अडथळा तपासा; यकृताच्या रुग्णांत पिवळं सीरम हे रोजचंच आहे. र्‍हुमॅटॉइड फॅक्टर आणि हेटेरोफाइल अँटिबॉडी दोन्ही बाजूंच्या अँटिबॉडींना जोडून खोटा संकेत देतात, त्यासाठी ब्लॉकर घालून पुन्हा मोजा. किट स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिनवर चालत असेल तर बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांची नोंद करा.

मोजणीतली चूक स्कोअरमध्ये किती झिरपते हे कागदावर काढून बघा. ईएलएफचं सूत्र घ्या:

स्कोअर = २.२७८ + ०.८५१ × एलएन(हायलुरोनिक ॲसिड) + ०.७५१ × एलएन(पीआयआयआयएनपी) + ०.३९४ × एलएन(टिम्प-१)

एलएन म्हणजे नैसर्गिक लॉग, तिन्ही मूल्यं नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. नवीन कॅलिब्रेटरमुळे तिन्ही २० टक्क्यांनी जास्त आली तर स्कोअर ०.३६ ने वर सरकतो. ९.८ चा कटऑफ धरला तर ९.५ चा माणूस यकृत तसूभरही न बदलता पलीकडे जाऊन बसतो. याच कारणाने सूत्रातले गुणक त्या विशिष्ट यंत्राचे आणि किटचे असतात. दुसऱ्या कंपनीच्या किटने तीन रेणू मोजून हेच सूत्र लावलं तर निघणारा आकडा ईएलएफ नसतो.

प्लेटवर नमुने लावताना रुग्ण एका प्लेटवर आणि निरोगी दुसऱ्या प्लेटवर, असं झालं की तुम्ही प्लेटमधला फरक मोजता. यादृच्छिक मांडणी करा, प्रत्येक प्लेटवर तेच दोन-तीन संदर्भ नमुने ठेवा, आणि मोजणाऱ्याला गट माहीत नसावा.

आकडेमोड

१००० प्रथिनं ८० माणसांत तपासली आणि ०.०५ ची रेघ लावली तर निव्वळ योगायोगाने ५० प्रथिनं महत्त्वाची निघतील. दुरुस्ती करायचीच, पण त्याहून घातक चूक म्हणजे आधी सगळ्या माहितीवरून रेणू निवडायचे आणि मग क्रॉस-व्हॅलिडेशन (काही नमुने बाजूला ठेवून त्यांच्यावर मॉडेल तपासणं, आळीपाळीने) करायचं. निवड ही फेरीच्या आत, प्रत्येक वेळी नव्याने व्हायला हवी. एकाग्रता लॉगमध्ये घ्या, वय आणि प्लेटलेट्स मॉडेलमध्ये ठेवून नवा रेणू त्यांच्यावर काय भर घालतो ते पाहा, आणि ढोबळ अंदाज म्हणून प्रत्येक चलामागे किमान दहा प्रगत फायब्रोसिसचे रुग्ण धरा. तीन रेणू पुरेसे असतील तर सात कशाला? प्रत्येक जादा रेणू नवा किट, नवा सीव्ही आणि नवी बिघाडाची जागा घेऊन येतो.

मॉडेल ठरलं की गोठवा: गुणक, कटऑफ, मोजमर्यादेखालच्या मूल्याला काय लिहायचं, हे सगळं तारीख घालून. मगच दुसऱ्या केंद्रांवरच्या, ओळीने येणाऱ्या रुग्णांवर तपासा. त्यासाठी किती माणसं? संवेदनशीलता ८५ टक्के अपेक्षित असेल आणि ती अधिक-उणे ५ टक्क्यांत सांगायची असेल तर प्रगत फायब्रोसिस असलेले १९६ रुग्ण लागतात. तुमच्या गटात त्याचं प्रमाण २० टक्के असेल तर एकूण ९८०. हा आकडा ऐकून अनेक जण सिरोसिसचे रुग्ण वेचून भरती करतात, आणि टोकाच्या गटांची पहिलीच अडचण मागच्या दाराने परत येते.

कटऑफचा अर्थही गटाबरोबर बदलतो. संवेदनशीलता ८० आणि विशिष्टता ८५ टक्के असलेली चाचणी यकृततज्ज्ञाच्या दवाखान्यात, जिथे १००० पैकी ३०० जणांना प्रगत फायब्रोसिस आहे, तिथे ३४५ जणांना पॉझिटिव्ह म्हणते आणि त्यांतले २४० खरे असतात: ७० टक्के. तीच चाचणी कुटुंबवैद्याकडे, जिथे १००० पैकी ५० जण, तिथे सुमारे १८३ पॉझिटिव्ह आणि खरे फक्त ४०: २२ टक्के. पण निगेटिव्ह निकाल मात्र तिथे जवळपास ९९ टक्के बरोबर. म्हणून प्राथमिक पातळीवर ही चाचणी ‘नाही’ म्हणायला वापरायची आणि ‘आहे’ म्हणण्यासाठी दुसरी पायरी ठेवायची. एकाच कटऑफच्या हट्टापेक्षा खालचा एक आणि वरचा एक असे दोन ठेवा, आणि मधल्यांचं काय करायचं ते अहवालातच लिहा.

उपचाराने सुधारणा झाली का हे सांगण्याचा दावा करणार असाल तर त्याच माणसात दोन मोजण्यांतला फरक किती असला म्हणजे खरा, हे आधी काढावं लागतं. त्यासाठी २.७७ ला मोजणीचा सीव्ही आणि माणसातला नैसर्गिक चढउतार यांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने गुणायचं. समजा मोजणीचा सीव्ही ५ टक्के आणि नैसर्गिक चढउतार २० टक्के. उत्तर येतं ५७ टक्के. म्हणजे एकट्या त्या रेणूत ३० टक्के घट पाहून रुग्णाला ‘यकृत सुधारतंय’ असं सांगायला आधार नाही. स्थिर प्रकृतीच्या २० जणांचं रक्त दर आठवड्याला, सहा आठवडे घेतलं तर तुमच्या प्रथिनाचा स्वतःचा आकडा मिळेल.

चाचणी वापरात गेल्यावर सर्वांत जास्त त्रास देतो तो अँटिबॉडीचा नवा लॉट (उत्पादनाची नवी खेप). कटऑफच्या आसपासचे निम्मे आणि उरलेले सर्व पल्ल्यातले, असे ४० रुग्णनमुने छोट्या भागांत उणे ८० ला राखून ठेवा. प्रत्येक नव्या लॉटवर ते जुन्याबरोबर मोजा, आणि सरासरी फरकाबरोबरच किती जणांनी कटऑफची रेघ ओलांडली तेही मोजा. पॉलिक्लोनल (प्राण्याच्या रक्तातून मिळणारी मिश्र) अँटिबॉडी वापरत असाल तर तो प्राणी संपल्यावर तशीच अँटिबॉडी पुन्हा मिळत नाही. मॉडेल गोठवण्याआधीच मोनोक्लोनलवर (एकाच पेशीवंशातून मिळणारी एकसारखी अँटिबॉडी) या, कारण नंतर बदललंत तर पडताळणीचे ९८० नमुने पुन्हा मोजावे लागतील.